पडीक जमीन, भरलेले तुरुंग

1954 च्या मे महिन्यात भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि तिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर पडले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर आठ हजारांहून थोड्या जास्त मतांनी निवडून आले. मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते होती. बाबासाहेबांची युती प्रजासमाजवादी पक्षाच्या अशोक मेहतांशी होती. धनंजय कीरांनी चरित्रात लिहिले आहे की, आपल्या लोकांनी दुसरे मत कोणालाच देऊ नये, ते कुजवावे, असा आग्रह काही कार्यकर्त्यांनी धरला होता. तसे केले असते तर गणित बदलण्याची शक्यता होती. पण संविधान लिहिणाऱ्यानेच मत वाया घालवायला सांगावे, हे बाबासाहेबांना मान्य झाले नाही. निकाल लागला तेव्हा सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आलेले होते. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची दुसरी मते मेहतांना मिळाली होती. मेहतांच्या मतदारांची दुसरी मते मात्र त्या प्रमाणात बाबासाहेबांकडे वळली नव्हती.

भंडाऱ्यात ही निवडणूक अजूनही हळहळीने सांगितली जाते. पण हळहळीपलीकडे तिच्यात एक धडा होता. दलितांची मते कितीही एकगठ्ठा पडली, तरी गावातल्या इतर कष्टकऱ्यांशी नाते जुळल्याशिवाय सत्ता हाती लागत नाही. हे नाते कशावर जुळेल? याचे एक उत्तर बाबासाहेबांच्या जवळच्याच एका सहकाऱ्याने पुढे दहा-बारा वर्षे रस्त्यावर उतरून दिले. ते उत्तर होते जमीन. तो सहकारी नाशिकचा, भाऊराव कृष्णाजी गायकवाड. लोक त्यांना दादासाहेब म्हणत.

दादासाहेबांच्या लढ्याचे मर्म भंडाऱ्याच्या जमिनीवर उभे राहून चांगले कळते. हा जिल्हा भाताचा आणि तलावांचा. आजचा गोंदिया जिल्हाही 1999 पर्यंत यातच होता. 1860 च्या दशकात इंग्रजांनी मध्य प्रांतात जमाबंदी केली, तेव्हा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांनाच गावाचे मालक करून टाकले. गाव त्यांचे म्हणजे रान, तळे, पडीक, सगळेच त्यांचे. कोहळी मालगुजारांनी तलाव बांधले, राखले आणि भाताचे पीक निघाले, हे खरे. या तलावांना आजही मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. पण बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, कमरेत वाकून रोवणी करणारे हात वेगळे होते. ते भूमिहीन मजुरांचे आणि सालगड्यांचे होते. त्यांत महार मोठ्या संख्येने होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या महारांकडे निदान वतनाची तुटपुंजी जमीन होती. पूर्व विदर्भातला महार बहुतेक कोष्टीकाम आणि मजुरीवर जगे. इंग्रज अधिकारी रसेलने मध्य प्रांतातल्या जातींवर 1916 साली काढलेल्या ग्रंथात त्याचे जाडेभरडे कापड विणणे नोंदले आहे. गिरण्यांच्या कापडाने माग मोडले, तसा तोही शेतमजुरीकडे आणि विड्या वळण्याकडे ढकलला गेला.

31 मार्च 1951 ला मालगुजारी संपली. तेव्हाच्या मध्य प्रदेशाच्या कायद्याने तलाव, रान आणि पडीक जमीन सरकारकडे आली. मालगुजारांनी घरची शेती, म्हणजे सीर आणि खुदकाश्त, आपल्याकडे ठेवली. भातशेतीतली उत्तम जमीन बहुधा हीच असे. कुळांना मालकी मिळाली. जो कूळही नव्हता, नुसता मजूर होता, त्याच्या हाती या कायद्याने काहीच आले नाही. मात्र एक गोष्ट बदलली. आता गावाबाहेर जी पडीक जमीन दिसत होती तिचा मालक कोणी पाटील किंवा मालगुजार नव्हता. मालक सरकार होते, आणि सरकारकडे मागता येत होते. हेच कमीअधिक फरकाने साऱ्या महाराष्ट्रात घडत होते. दादासाहेबांच्या आंदोलनाची जमीन, शब्दशः, अशी तयार झाली.

दादासाहेबांचा जन्म 15 ऑक्टोबर 1902 चा, नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. 2 मार्च 1930 ला नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते आणि सत्याग्रह समितीचे चिटणीस होते. बाबासाहेब मुंबईला, पुढे गोलमेज परिषदेला विलायतेत. नाशिकात तुकड्या पाठवणे, अटकेतल्यांच्या घरी धान्य पोचवणे, पैसा उभा करणे, मार खाऊन आलेल्यांना धीर देणे, हे सगळे दादासाहेब पाहत. एप्रिलमध्ये रामनवमीच्या रथावरून दगडफेक झाली, दंगल झाली, तरी सत्याग्रह पाच वर्षे रेटला गेला. देऊळ काही उघडले नाही. 3 मार्च 1934 ला बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहिले. देवळात जाऊन लोक मूर्तिपूजक व्हावेत म्हणून हा सत्याग्रह केला नव्हता, लोकांना जागे करायचे होते, ते काम झाले. आता बळ राजकारणाकडे आणि शिक्षणाकडे वळवावे, असा त्याचा आशय. बाबासाहेबांची दादासाहेबांना लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने आली. ती वाचताना जाणवते की नेता आपल्या शंका, चिडचिड आणि पैशांची चणचणसुद्धा या माणसाला मोकळेपणी सांगत होता.

काळारामच्या पाच वर्षांतून दादासाहेबांकडे एक कसब आले. रोज एक तुकडी, नावांची यादी, अटक, दुसऱ्या दिवशी नवी तुकडी. शिस्त मोडू द्यायची नाही आणि रांग तुटू द्यायची नाही. देवळाच्या दारात शिकलेले हे तंत्र त्यांनी पुढे पडीक जमिनीच्या बांधावर वापरले. 1936 साली निघालेल्या स्वतंत्र मजूर पक्षात ते होते आणि 1937 साली मुंबई विधानसभेवर निवडून गेले. याच पक्षाने कोकणातल्या खोतीविरुद्ध विधेयक आणले आणि जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. त्या मोर्चात शामराव परुळेकरांसारखे डावेही होते. लाल बावट्याशी हात मिळवणे म्हणजे आंबेडकरी विचाराला दगा, असे पुढे ज्यांनी म्हटले, त्यांना हा मोर्चा बहुधा आठवत नसावा.

स्वातंत्र्यानंतर जमिनीचा प्रश्न शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उचलला तो 1953 साली, मराठवाड्यात. हैदराबाद राज्यातल्या पडीक आणि गायरान जमिनी भूमिहीनांना द्या, या मागणीसाठी सुमारे सतराशे जण तुरुंगात गेले. त्याच सुमारास विनोबांची भूदान पदयात्रा देशभर गाजत होती. आमच्या विदर्भातल्याच वर्ध्यात पवनारचा आश्रम. जमीनदाराचे हृदय पालटेल आणि तो सहावा हिस्सा देईल, ही भूदानाची आशा. फेडरेशनच्या मागणीत दात्याला जागाच नव्हती. जमीन सरकारची, नांगरणारा माणूस आमचा, पट्टा द्या. दान आणि हक्क यांतला हा फरक मजुराला समजावून सांगावा लागला नाही.

18 मार्च 1956 ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी आपली एक खंत बोलून दाखवली. शिकलेल्यांचे थोडेफार भले झाले, पण खेड्यातल्या भूमिहीन मजुरासाठी आपल्या हातून पुरेसे झाले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी 6 डिसेंबरला ते गेले. ही खंत म्हणजे आपल्यावर सोपवलेले काम आहे, असे दादासाहेबांनी मानले असावे. पुढच्या त्यांच्या आयुष्यात जमिनीइतके दुसरे काहीच ठळक दिसत नाही.

1957 च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या आघाडीत फेडरेशन उतरली आणि दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर गेले. भंडाऱ्यात तीन वर्षांपूर्वी जी युती बाबासाहेबांना निवडून आणू शकली नव्हती, तशीच युती इथे जमली, कारण भाषिक राज्याचा प्रश्न सगळ्यांचाच होता. 3 ऑक्टोबर 1957 ला फेडरेशनच्या जागी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. 1959 साली दादासाहेबांनी नाशिक, खानदेश, नगर, मराठवाडा या भागांत भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. लोक पडीक जमिनीत शिरत, नांगर धरत, पोलीस येत, तुकडी तुरुंगात जाई. कम्युनिस्ट आणि इतर डाव्या कार्यकर्त्यांची साथ होती. यशवंतराव चव्हाण तेव्हा द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. सरकारने पडीक जमिनी वाटण्याची आश्वासने दिली, काही ठिकाणी जमिनी मिळाल्याही, पण वाटप तालुक्याच्या कचेरीत जाऊन अडकले. तलाठ्याच्या नकाशावर जी जमीन पडीक होती ती प्रत्यक्षात कोणा बड्या शेतकऱ्याच्या वहितीत असे, आणि जी खरोखर रिकामी होती तिच्यात दगडांखेरीज काही उगवत नसे.

याच काळात पक्ष फुटला. बी. सी. कांबळे आणि त्यांच्यासोबतची शिकलेली, बहुतेक शहरी मंडळी वेगळी झाली. त्यांच्या गटाला लोक दुरुस्त म्हणत आणि दादासाहेबांच्या गटाला नादुरुस्त. कांबळे गटाचा आक्षेप असा की दादासाहेब कम्युनिस्टांच्या नादी लागले आहेत. बाबासाहेबांचा मार्ग घटनेचा आहे, जमिनीत घुसण्याचा नव्हे. आक्षेपात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. बाबासाहेबांनी स्वतः घटना समितीतल्या शेवटच्या भाषणात सत्याग्रहाच्या मार्गाला घटनात्मक राज्यात जागा नाही, असे बजावले होते. पण त्यांनीच 1947 साली घटना समितीसाठी तयार केलेल्या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी आणि जातिधर्म न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी, असे मांडले होते. म्हणजे दोन्ही बाजूंना बाबासाहेबच हाताशी होते. माझ्या मते भांडणाचे मूळ तत्त्वात कमी आणि राहणीत जास्त होते. एका बाजूला वकील, पदवीधर, सरकारी नोकरीची दारे नुकतीच उघडलेली पिढी. दुसऱ्या बाजूला धोतर नेसणारा पुढारी आणि त्याच्यामागे खेड्यातली माणसे. नोकरीतल्या राखीव जागांनी पहिल्यांचे प्रश्न सुटणार होते, दुसऱ्यांचे नाही. दादासाहेबांनी धोतरवाल्यांची बाजू सोडली नाही.

1962 साली ते राज्यसभेवर गेले. त्याच वर्षीपासून महाराष्ट्राचा कमाल जमीन धारणा कायदा लागू झाला, पण कोरडवाहू जमिनीची मर्यादा त्यात काही भागांत 126 एकरांपर्यंत होती. इतक्या सैल चाळणीतून भूमिहीनासाठी फारसे काही खाली पडणार नव्हते. त्यात 1964 साली धान्य महागले. 1 ऑक्टोबर 1964 ला रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांचे निवेदन दिले. त्यातल्या काही मागण्या वाचल्या की त्यामागून आलेल्या आंदोलनाची झेप कळते. कसेल त्याची जमीन. पडीक जमीन भूमिहीनांना. धान्याच्या दरांवर नियंत्रण आणि पुरेसे वाटप. झोपडपट्ट्यांची सुधारणा. 1948 च्या किमान वेतन कायद्याची पूर्ण अंमलबजावणी. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती. अस्पृश्यता गुन्हा कायद्याची कडक अंमलबजावणी. राखीव नोकऱ्यांचा अनुशेष 1970 पर्यंत भरणे. आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र.

यातल्या जमीन, धान्य आणि मजुरी या मागण्या कोणत्याही जातीच्या मजुराच्या होत्या. भंडाऱ्यात बांधीत रोवणी करणारी बाई महार असो, पोवार असो की गोंड, किमान वेतनाचा कायदा तिला सारखाच हवा होता. हा आंदोलनाचा सगळ्यात हुशार भाग होता, आणि खेदाची गोष्ट अशी की सवर्ण मजूर त्यात अपेक्षेइतका आला नाही.

6 डिसेंबर 1964, बाबासाहेबांचा महापरिनिर्वाणदिन, सत्याग्रहाच्या सुरुवातीसाठी निवडला होता. काळारामच्या वेळची पद्धतच पुन्हा वापरली गेली, फक्त आता तुकड्या एका देवळापुढे न जाता देशभरच्या कचेऱ्यांपुढे आणि पडीक रानांत जात होत्या. महाराष्ट्राबरोबर उत्तर प्रदेश आणि पंजाबातही सत्याग्रह झाला. उत्तर प्रदेशात अलीगढचे बी. पी. मौर्य पुढे होते. विदर्भातून चांद्याचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे पक्षाच्या पहिल्या फळीत होते. नाशिकच्या शांताबाई दाणींसारख्या बायकाही तुरुंगात गेल्या. ज्या बायका आयुष्यात तालुक्याच्या गावाला गेल्या नव्हत्या त्या मांडीवरच्या पोरासकट पोलिसांच्या गाडीत चढल्या. मजुराच्या घरी एक माणूस तुरुंगात जाणे म्हणजे त्या दिवसाची चूल न पेटणे. महिना-महिना असे घडत राहिले, हे लक्षात घेतले की आकड्याचे वजन कळते. 10 फेब्रुवारी 1965 ला आंदोलन थांबेपर्यंत तीन लाखांहून जास्त लोकांनी अटक करवून घेतली, असे पक्षाचे म्हणणे आहे. हा आकडा कोणी थोडा कमी धरला तरी स्वतंत्र भारतातल्या मोठ्यात मोठ्या आंदोलनांत याची गणना करावी लागते. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात मात्र काळाराम सापडतो, हे सापडत नाही.

शास्त्रींनी बोलणी केली, बहुतेक मागण्या तत्त्वतः मान्य असल्याचे सांगितले आणि सत्याग्रह मागे घेतला गेला. मग सप्टेंबरमध्ये पाकिस्तानशी युद्ध पेटले, जानेवारी 1966 मध्ये ताश्कंदला शास्त्री वारले, आणि दिल्लीतला शब्द राज्यांच्या महसूल खात्यांत जाऊन विरघळला.

यानंतर दादासाहेबांनी जे केले ते त्यांच्या चाहत्यांनाही अवघड जाते. 1967 नंतर त्यांनी यशवंतरावांच्या काँग्रेसशी युती केली. 1968 साली पद्मश्री स्वीकारली. पक्षाचे आणखी तुकडे पडले. राजाभाऊ खोब्रागडेही वेगळे झाले. साठी ओलांडलेल्या, थकलेल्या माणसाने सत्तेच्या जवळ जाऊन काही जमिनी पदरात पाडून घ्याव्यात असा हिशेब केला असेल, तर तो चुकला. काँग्रेसला मते मिळाली आणि पक्षाला एखाददुसरे पद. 29 डिसेंबर 1971 ला दादासाहेब दिल्लीत वारले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती रिपब्लिकन पुढाऱ्यांवरच्या चिडीतून. पण पँथरच्या जाहीरनाम्यातही जमिनीचा प्रश्न आलाच.

आंदोलनातून प्रत्यक्षात काय निघाले? 1975 साली कमाल धारणेची मर्यादा कोरडवाहूसाठी 54 एकरांवर आली. पडीक आणि गायरान जमिनी कसणाऱ्यांची अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय सरकारने 1978 आणि 1991 साली घेतले. दुसऱ्या निर्णयात 14 एप्रिल 1990 ही मुदत धरली. अर्ज बाद होणे, पावती हरवणे, पंचनाम्यात नाव नसणे, यांत अनेक कुटुंबे अडकली, तरी ज्यांना सातबारा मिळाला त्यांच्या वहितीची सुरुवात त्या सत्याग्रहांच्या काळात शोधावी लागते. मराठवाड्यात एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानाने गायरानाचा लढा पुढे चालवला.

भंडाऱ्यात गोष्ट आणखी गुंतागुंतीची झाली. मालगुजारांकडून सरकारकडे आलेल्या पडीक रानाचा मोठा हिस्सा महसुली दप्तरात झुडपी जंगल म्हणून नोंदला होता. 1980 चा वनसंवर्धन कायदा आला आणि अशा जमिनीचा पट्टा देणे जवळजवळ बंद झाले. ही नोंद भंडाऱ्यासह पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत मिळून 86 हजार हेक्टरांवर आहे. तिच्यावर घरे झाली, शाळा झाल्या, मजुरांनी धान लावले. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच असल्याचे सांगितले. डिसेंबर 1996 पूर्वी वाटप झालेल्या जमिनींना केंद्राच्या मंजुरीतून वाट ठेवली. वनहक्क कायद्याचा आधार घ्यावा तर आदिवासी नसलेल्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, वास आणि वापर सिद्ध करावा लागतो. 1964 नंतर पडीक रानात शिरलेल्या भूमिहीनाकडे तो पुरावा कुठून येणार?

आणि जमीन मिळाली म्हणजे सगळे मिटते असेही या जिल्ह्याने दाखवले नाही. मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबाकडे स्वतःची शेती होती. तिच्यातून रस्ता काढण्यावरून गावाशी वाद होता. 29 सप्टेंबर 2006 ला त्या घरातली चार माणसे मारली गेली. दलिताच्या मालकीचा बांध गावाच्या डोळ्यांत कसा सलतो, याचा यापेक्षा भीषण दाखला महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

निवेदनातल्या ज्या मागण्यांना सरकारला जमीन लागत नव्हती त्यांतल्या काही सावकाश का होईना पुऱ्या झाल्या. एप्रिल 1990 मध्ये बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लागले आणि त्याच वर्षी बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. जमिनीसाठी राज्य सरकारने 2004 साली एक योजना काढली आणि तिला नाव दिले कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन. आधी निम्मे कर्ज आणि निम्मे अनुदान होते, 2018 पासून पूर्ण अनुदान. सरकारने ही जमीन बाजारातून विकत घ्यायची. जिरायतीला एकरी जास्तीत जास्त पाच लाख आणि बागायतीला आठ लाख रुपये. कालव्याखालच्या किंवा रस्त्यालगतच्या बांधीचा मालक या दराला सहसा तयार होत नाही, आणि भूमिहीन मजूर शेजारच्या बांधाला यावा अशीही गावोगाव फारशी इच्छा नसते. म्हणून समाजकल्याण खात्याला वेळोवेळी जाहीर आवाहन करावे लागते की ज्यांना जमीन विकायची असेल त्यांनी अर्ज करावेत.